सायरन वाजला अन् शटर खाली आलं

नाही रे, भारी-बिरी काही नाही झाली ती मॉक ड्रिल, जिच्यासाठी मी आठवडाभर उड्या मारून राहिली होती.

आमची डिझास्टर मॅनेजमेंटची पीजी बॅच आज पंडरीच्या कापड मार्केटमध्ये गेली. आगीचा सायरन वाजला की सगळ्यांनी दुकानाबाहेर यायचं, असं दुकानवाल्यांले आधीच सांगितलं होतं. सगळे हव-हव म्हणाले.

सायरन वाजला, अन् कित्येकांनी धडाधड शटरच पाडले. गिऱ्हाईक, कामवाल्या पोरी, सगळे आत!

एका शटरमागं माझी मावशी होती. ती तिथं साड्या दाखवते.

मी बाहेर उभ्या त्या दुकानाच्या शेठवर ओरडली, "भैया, खरी आग असती तर?"

"दीदी, भगदड में माल चोरी हो जाता है. उसका पैसा कौन देगा, आपका कॉलेज?"

शटर उघडल्यावर मावशी हसतच बाहेर आली. "काहून घाबरली वं? खरी आग लागली तर शेठ उघडतेच ना."

"तुले खात्री आहे?"

तिनं वळून शेठकडे पाहिलं. मंग हळूच म्हणे, "शेठशी भांडू नको. दुसरं काम कुठं भेटते मले?"

तेव्हापासून डोकं चालून नाही राहिलं. शेठची तक्रार केली तर मावशीचं काम जाईल, नाही केली तर ती उद्या परत त्याच शटरमागं उभी राहील.

तुम्ही असते तर काय केलं असतं?