जत्रेत विकलेलं तोंड

मी माझ्या बायकोचं तोंड नारायणगडाच्या जत्रेत विकलं. चूक माझीच. एकदाच विकलं असतं तर नजरचूक म्हणून खपलं असतं. पण गिऱ्हाईक वाढलं तसं मी तेच तोंड पुन्हा पुन्हा मांडत गेलो, आणि त्याला नजरचूक म्हणणारा वकील निजामाच्या सबंध राज्यात मिळाला नसता!

मी बीडच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दू कागद उतरवायचे आणि घरी आल्यावर मुखवटे रंगवायचे, हा माझा नाद. कचेरीतली रद्दी खळीनं थरावर थर चिकटवायची, वाळली की वर रंग. राजा, वाघ, बोळकी म्हातारी, तिरळा शिपाई. (मुलं ते तोंडाला लावून मिरवत, तेव्हा आतून त्यांच्या नाकाला शेतसाऱ्याचे हुकूम घासत. सरकारशी इतका जवळचा संबंध मोठ्या माणसांचासुद्धा येत नाही!)

त्या आषाढात जत्रेत विकायला मी एक नवा मुखवटा केला: रागावलेली बाई. डावी भुवई कपाळात चढलेली, ओठ गच्च मिटलेले, डाव्या गालात सुपारी. लोक पोट धरधरून हसले. माझी बायको यमुना जत्रेसाठी माझ्याबरोबर आली होती आणि जवळच्याच गावी माहेरी उतरली होती. संध्याकाळी तिच्या भावाचा पोरगा तोंडाला काहीतरी बांधून तिच्यापुढं नाचला, "आत्या, वळख कोन हाय!"

आत्यानं ओळखलं. पोराला नाही, स्वतःला!

मी सासुरवाडीला पोचलो तेव्हा मुखवटा तिच्या मांडीवर होता.

"ह्ये मी हाय?"

"छे, छे! ही आपली कुनीतरी बाई हाय."

"मग सुपारी डाव्याच गालात कावून हाय?"

मी नकळत तिच्या डाव्या गालाकडं बघितलं.

"घरात तुमच्यावर रागावले ती तुमची म्हनून रागावले," ती म्हणाली. "जत्रंला दाखवाया न्हाई."

हे ती अगदी हळू बोलली. ओरडली असती तर मला सवय होती. मी एकटाच गाडीत बसून परत आलो.

घरात आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. दोघांतलं बोलणारं माणूस गेलं की निम्मं घर उरत नाही, काहीच उरत नाही. कुलूप काढताना मी खाकरायला लागलो. आत कुणाला तरी कळावं म्हणून! भाकरी थापायला शिकलो. शेजारच्या शेवंतामावशीनं ती बोटानं वाजवून पाहिली आणि विचारलं, "दत्तू, ही खायाची हाय का उंबऱ्याला बसवायची?" एकट्यानं घास उतरेना, तेव्हा एका दुपारी राजा, वाघ आणि शिपाई भिंतीशी टेकवून त्यांच्या पंगतीला बसलो. तिघांपैकी एकानंही "आणखी घ्या" म्हटलं नाही.

त्यातच रंगवणारा हात अडला. कोरा मुखवटा पुढ्यात घ्यायचा, कुंचला बुडवायचा आणि त्यावरचा रंग वाळेपर्यंत बघत राहायचं. राजा काढला तर तो मयतीहून आल्यासारखा दिसे. मोठ्या जिद्दीनं एक वाघ पुरा केला आणि कचेरीतले माझे दोस्त कासीमभाई यांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

"दत्तूभाऊ, ह्यो वाघ चार रोज जेवला न्हाई का?"

"रागात हाय तो."

"राग न्हाई वो. ह्याची वाघीण माहेरी गेलीय!"

अशात भादवा आला, आणि महालक्ष्म्या. आमच्या घराण्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बसतात. घरात बाई असो नसो, त्या चुकवता येत नाहीत. शेवंतामावशी म्हणाली, "बसवाचं मी बघते. तू निस्ते मुखवटे काढून ठेव." मी कोठीतून ते शाडूचे मुखवटे काढले, तर ते उघडेच! ज्या फडक्यात यमुनानं ते गुंडाळले होते, ते फडकं मी मध्यंतरी कुंचले पुसायला घेतलं होतं! उघड्यावर ओल लागून रंग सुटला होता. ज्येष्ठेचे डोळे गेले होते, कनिष्ठेचं तोंड.

आता रंगवणं भाग होतं, आणि हात तर अडलेला. कचेरीत कासीमभाईंपुढं रडगाणं गायलो.

"इचार कावून करता?" ते म्हणाले. "बिस्मिल्ला म्हना अन् पयली रेघ मारा. फुडचं हात बघतो."

आवाहनाच्या दिवशी सकाळी मी देवाचं नाव घेऊन पहिली रेघ मारली. आणि काय सांगू! हात सुटला! लाल, पिवळा, काजळाचा काळा, कुंचला थांबेना. इतक्या दिवसांनी चेहरे जिवंत होत होते, आणि त्या आनंदात एकच गोष्ट राहिली: काय काढतोय ते बघणं.

तिन्हीसांजेला शेवंतामावशीनं दोघींना साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले, अक्षता टाकल्या. मग समई पुढं सारली आणि थिजली.

"दत्तू, ही कोन रं?"

"ज्येष्ठा."

"ज्येष्ठा न्हाई. ही यमुना हाय!"

मी बघितलं. डावी भुवई कपाळात चढलेली. ओठ गच्च मिटलेले.

"मावशे, उतरव! पुन्हा रंगवतो!"

"अक्षता पडल्या बाबा. आता परवा बोळवण हुईस्तोवर हात लावाचा न्हाई."

म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळी आळी हळदीकुंकवाला येणार आणि माझी बायको सर्वांवर रागावलेली बघणार! तसंच झालं. सकाळी एक बांगडीवाली दर्शन घेऊन गेली, ती ही बातमी घेऊन नेमकी नारायणगडाच्या वाटेला, यमुनेच्या माहेराकडं लागली. संध्याकाळी घर बायकांनी भरलेलं असताना दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मेव्हण्याच्या गाडीतून यमुना उतरली. बायकांनी वाट दिली. ती थेट देवीपुढं जाऊन उभी राहिली. दोघींच्या डाव्या भुवया एकाच उंचीवर! शेवंतामावशीच्या हातातला करंडा गोंधळला आणि देवीचं कुंकू यमुनेला लागलं. बायका पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

"जत्रंत इकलं त्यानं भागलं न्हाई व्हय?" यमुना म्हणाली. "आता पुजंला बी लावलं?"

मग तिची नजर कनिष्ठेवर गेली. तिथं ती रेंगाळली.

"अन् हिचं तोंड असं कावून?"

मी इतका वेळ कनिष्ठेकडं पाहिलंच नव्हतं. गाल किंचित फुगलेले, डोळे बारीक.

"तू... तू हसू दाबतीस तवा असं दिसतं."

तिनं पदर कमरेला खोचला.

हीच वेळ होती. ती गेल्यापासून मी माफी घोकत होतो. कारकुनाची माफी, 'गुन्हा कबूल' पासून 'मेहेरबानी व्हावी' पर्यंत. बायकांच्या गर्दीत तिच्याकडं बघण्याची हिंमत नव्हती. म्हणून डोळे मिटले, हात जोडले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं: जत्रा, फडकं, खाकरणं, तीन मुखवट्यांची पंगत, सगळं. शेवटी रडूही आलं. वाकून नमस्कार केला आणि डोळे उघडले.

समोर ज्येष्ठा होती! भुवई तसूभर उतरली नव्हती. यमुना केव्हाच चुलीकडं गेली होती.

"पुरनाला चव न्हाई. कुनी शिजवलं वो ह्ये?" आतून आवाज आला. "अन् देवीला काय सांगत बसलाव? तिचं तोंड इकलं व्हतं का तुमी?"

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. घोकलेलं सारं देवीपुढं खर्च झालं होतं. बायकोच्या वाट्याला माझ्याजवळ दोनच शब्द उरले होते, आणि तेही तिच्या डोळ्यांत बघून म्हणायला ती पुरण पुन्हा शिजवेपर्यंत मला वेळ लागला.

"चुकलं माझं."