स्टेशनामागची विहीर

आमचं गाव चाळीसगाव-धुळे लाइनवरचं, लहानसं. जुन्या जागांवर माहितीचे फलक लावायचे असं आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं. फलक अजून मोजकेच लागलेत, किस्से मात्र साचत चाललेत.

* * *

पहिला फलक स्टेशनाबाहेरच्या जुन्या घंटेपाशी. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. आमच्यातले नाना रेल्वेतून रिटायर झालेले. उद्घाटनाला त्यांनीच टोल दिले. ते ऐकताच पुढच्या खुर्चीवरचे एक थकलेले आबा उठले आणि पिशवी घेऊन चालू लागले. कुठे निघालात, असं आम्ही विचारलं.

"मागल्या स्टेशनातून गाडी सुटली ना," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. नाना त्यांचा हात धरून त्यांना प्लॅटफॉर्मवरच्या बाकापर्यंत घेऊन गेले आणि गाडी येईपर्यंत शेजारी बसून राहिले.

* * *

फैजपूरहून केळी घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्याने घंटेपाशी थांबून हा फलक शांतपणे पूर्ण वाचला. मग म्हणाला, "छान लिहिलंय. धुळ्याचा रस्ता कोणत्या फलकावर आहे?"

* * *

इंजिनांना पाणी देणाऱ्या दगडी टाकीचा फलक सलीमभाई पेंटरने रंगवला. 'ही टाकी इंग्रजांनी बांधली.' संध्याकाळी त्याची अम्मी बघायला आली. तिच्या सासऱ्यांचं उभं आयुष्य गवंडीकामात गेलेलं.

"इंग्रज आए थे क्या पत्थर उठाने?" एवढंच बोलून ती घरी गेली. सलीमभाईने तिथेच पुन्हा ब्रश भिजवला.

* * *

मग स्टेशनामागची विहीर. मजकूर नानांनी सांगितला होता: 'या विहिरीने सगळ्या गावाची तहान भागवली.' फलक लागला त्या दिवशी शांताक्का आल्या. बौद्ध वस्तीतल्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी मात्र अहिराणीत बोलल्या.

"बठ्ठा गाव म्हणजे कोन, नाना? आम्हनी माय त्यामा शे का?"

त्यांची आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणी दया येऊन ओतलं तर पाणी, नाहीतर रिकामी परतायची. नानांचं घर विहिरीला लागूनच. त्यांनी हे लहानपणी रोज पाहिलेलं. त्यांनी स्वतः पान्ह्याने फलक उतरवला.

नवा मजकूर अक्कांनी लिहून दिला: 'या विहिरीवर काही घरांना पाणी भरू देत नसत.' गावात कुरबुर झाली. कशाला उकरून काढता, असं नानांना घरच्यांनीही विचारलं. तरी फलक तोच लागला.

लावून झाल्यावर नानांनी पोहरा सोडला, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी अक्कांपुढे धरला. अक्कांनी तो घेतला.

"माय आज ऱ्हाती ते पेती," त्या म्हणाल्या, आणि आईच्या नावाने सगळं पाणी फलकाच्या पायथ्याशी ओतलं.