जिन्याखालची टू-स्ट्रोक

अख्ख्या हैदराबादेत टू-स्ट्रोकचं इंजिन माझ्याइतकं कुणाला कळत नाही! पहिल्यांदा खोलून परत जोडलं तेव्हा मूठभर बोल्ट उरले, ती गोष्ट वेगळी. ते मी बायकोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकले. दुसऱ्यांदा जोडलं, अजून उरले. किश्श्यांचंही तसंच आहे. एकदा खोलायला बसलं की काहीतरी उरतंच आणि बरणी भरत जाते.

शिक्षणाचं विचारू नका. सातवीत मास्तरांनी माझा नाद सोडला, मी त्यांचा.

तर ही मोटरसायकल माझी नाही, धाकट्या भावाची, वसंताची. तो वर राहतो, मी खाली. पस्तीस वर्षं गाडी जिन्याखाली पडून आहे आणि तेवढीच वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं असलं की माझ्यासमोर उभा राहून माझ्या बायकोला म्हणतो, "वहिनी, त्याला सांगा." त्याला म्हणजे मला! हातभर अंतरावरून! राग येणार नाही तर काय होईल माणसाला?

आता दसरा झाला की तो कायमचा बेंगळुरूला, पोरीकडे चाललाय. परवा खाली येऊन म्हणाला, "वहिनी, ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाका."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कुसुम, त्याला सांग, दसऱ्याच्या आत ही गाडी चालू करून त्याला तिच्यावर बसवतो. नाहीतर मीच भंगारात जाऊन बसतो!"

वसंता म्हणाला, "वहिनी, भंगारवाला घेणार नाही म्हणावं."

* * *

न बोलण्याचं कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

त्याला बँकेचा इंटरव्ह्यू होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, बगलेत फाइल. मला काय सुचलं देव जाणे, पहाटे अंगणातला एक कच्चा पेरू घेतला आणि त्याच्या सायलेन्सरमध्ये ठोकून बसवला. म्हटलं, दहा किका मारेल, घामाघूम होईल, मग आपण पेरू काढून दाखवू. हसू सगळे.

तो किका मारायला लागला. मला इतकं हसू येत होतं की तिथं थांबणंच शक्य नव्हतं. तो ओरडला, "दादा, जरा धक्का दे रे!" मी म्हटलं, "आलोच!" आणि चपला घालून तडक इराणी हॉटेलात. मित्रांना किस्सा सांगितला. मित्र वाढले, परत सांगितला. पहिला चहा झाला, दुसरा झाला.

परत आलो तर शर्ट भिजलेला, पाय सुजलेला, इंटरव्ह्यूची वेळ गेलेली. दोन दिवसांनी मिस्त्रीनं तो पेरू सळईनं काढून वसंताच्या हातात दिला. वसंता त्या पेरूकडे बघत राहिला. मग मिस्त्रीला म्हणाला, "हे दादाच्या झाडाचं आहे. त्याला देऊन टाका."

पुढं सगळी नोकरी बेगम बाजारात मिरच्यांच्या गोदामात काढली त्यानं. आजही रात्री वर खोकतो तेव्हा मला खाली ऐकू येतं. आणि मग मला त्याचाच राग येतो. एवढं काय धरून बसायचं एका पेरूचं!

* * *

तो पेरू काढणारे मिस्त्री म्हणजे खाजाभाई. कोठीच्या बाजारात दुकान होतं त्यांचं. आता गुडघे गेले, पण कान शाबूत. त्यांना बोलवायला गेलो तर दारातच हात जोडले.

"नक्को दादा! तुमारी गाडी में हाथ डालूं तो अंदर से क्या निकलेगा, अल्ला जाने!"

मी म्हटलं, "वसंतासाठी करतोय, खाजाभाई."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. हसतोय का, ते तपासत असावेत. मग आत वळून बायकोला म्हणाले, "चष्मा देओ, जातूं." आणि मला, "लेकिन आप दूर बैठना. हाथ पीछे."

माझ्याच घरात, माझ्याच जिन्याखाली, मी आठ दिवस हात मागं बांधून बसलो!

* * *

आमच्यात तिसरा दिगूराव. गल्लीतलाच, रिटायर्ड साहेब. आयुष्यात पाना धरला नाही, पण रोज सकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघून यायचा आणि खाजाभाईंना शिकवायचा. खाजाभाई दात खात, मी मुठी आवळत.

शेवटी मी म्हटलं, "दिगू, सगळं झालं रे, एका व्हॉल्व्हच्या स्प्रिंगपायी अडलंय. तुझ्याशिवाय कुणाला ओळखू यायची नाही ती."

आता टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नसतो. जे नाहीच, त्याची स्प्रिंग कुठली? पण दिगूराव छाती काढून निघाला. कोठी पालथी घातली, सुलतान बाजारात हिंडला, उन्हात टाळकं तापवून घेतलं. आम्ही दोघं इकडे पोट धरून हसत होतो. आठ दिवसांत खाजाभाई पहिल्यांदा हसले.

चार वाजता दिगूराव आला. लालबुंद. पिशवी आपटली.

"घे! तुझ्यापायी चार दुकानदारांनी मला वेड्यात काढलं. पाचव्याकडं मिळाली!"

पिशवीत खरंच स्प्रिंग! पाचव्यानं वर सांगितलं होतं म्हणे, "साब, ओरिजिनल है. आखरी पीस."

* * *

इंजिनात बेअरिंग बसवायची एक रीत आहे. बेअरिंग फ्रीजरमध्ये गार करायचं, बाहेरचं केसिंग तापवायचं. मग हातोडी लागत नाही, टपकन बसतं. म्हणून मी बेअरिंग कुसुमच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवलं आणि केसिंग तिच्या भाकरीच्या तव्यावर.

ती भाजी घेऊन आली. तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अहो, हे कालवणाबरोबर खायचं का नुसतंच?"

तेवढ्यात वसंता बर्फ न्यायला खाली आला. फ्रीजर उघडला. बेअरिंग हातात घेऊन उलटसुलट केलं.

"वहिनी, त्याला सांगा, बेअरिंग उघडं ठेवायचं नाही. पिशवीत बांधायचं. ओल धरते."

मी म्हटलं, "कुसुम, त्याला सांग, मला अक्कल शिकवू नको म्हणावं!"

"वहिनी, त्याला सांगा, असती तर शिकवलं नसतं."

कुसुमनं भाजीची पिशवी खाली आपटली. "पस्तीस वर्षं मी तुमचा टेलिफोन झालेय! भाऊजी, ते बेअरिंग ठेवा. अहो, तुम्ही तो तवा उचला. आणि दोघं चालते व्हा माझ्या स्वयंपाकघरातून!"

आम्ही दोघं एकाच दारातून एकदम बाहेर पडलो. खांद्याला खांदा लागला. तो वर गेला, मी जिन्याखाली. रात्री फ्रीजर उघडून बघितलं, तर बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत. गाठ वसंताची. मिरच्यांच्या गोदामात मारतात तसली.

* * *

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल घालावं लागतं. विसरलात तर पिस्टन गेला. नव्या पिस्टनवर खाजाभाईंचे आठ दिवस गेले होते, म्हणून मी कुणाला न सांगता सकाळीच टाकीत ऑइल ओतलं. माझ्यावर कुणाचा भरवसा नाही, म्हणून खाजाभाईंनी येऊन गुपचूप ओतलं.

किक मारली. चौथ्या किकेला गाडी चालू झाली! आणि मग जो धूर निघाला म्हणता! जिना दिसेना, गल्ली दिसेना, दिगूराव दिसेना. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या, पोरं नाचत धुरात घुसली. लोकांना वाटलं डास मारायची गाडी आली. समोरची तेलुगू बाई गॅलरीतून ओरडली, "अंकल! दोमलु पोयाया?" डास गेले का म्हणून!

खाजाभाई खोकता खोकता कडाडले, "कितना डाले जी?" मी माझं सांगितलं, त्यांनी त्यांचं. मान हलवली. "दो का धुआं नहीं है ये. तीसरा कौन डाला?"

मी दिगूरावची गचांडी धरली. तो पोराबाळांची शपथ घ्यायला लागला.

कुसुम दारात पदर नाकाला लावून उभी होती. म्हणाली, "सोडा त्यांना. भाऊजी पहाटे उतरले होते. हातात बाटली होती."

मी वर बघितलं. जिन्याच्या टोकाला धूर होता, त्यात कुणीतरी खोकत होतं. मिरचीचा खोकला आणि ऑइलचा खोकला वेगळा असतो, मला कळतो.

* * *

दसऱ्याला दोन दिवस होते. टाकी धुऊन बेताचं ऑइल घातलं, गाडी पुसली, जिन्यासमोर उभी केली. खाजाभाई खुर्चीवर, दिगूराव मोबाइल बंद करून, कुसुम दारात.

वसंता उतरला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. सासुरवाडीला निघाल्यासारखा.

ही चालू झाली नाही तर? चारचौघांत पुन्हा त्याला घाम फुटला तर? मला तिथं उभं राहवेना. फाटकापर्यंत जाऊन यावं, चालू झाली की आवाज येईलच, असा विचार करून मी चपला पायांत सरकवल्या.

त्यानं गाडीवर टांग टाकली, किकवर पाय ठेवला आणि थांबला. मारेचना!

माझं डोकं सटकलं. कुसुमला मध्ये घेतलंच नाही. म्हटलं, "वसंता, पेरू नाही रे आतमध्ये! आईशपथ नाही. पाहिजे तर उतर आणि सायलेन्सरमध्ये हात घालून बघ!"

त्यानं मागं वळून सायलेन्सरकडे बघितलंही नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"सायलेन्सर राहू दे, दादा," तो म्हणाला. "तू आधी चपला काढ."