फाटकावर झटकलेली ओटी

"ओटी झटक."

फाटकावरचा गार्ड मला म्हणाला. नवाच होता, एजन्सीनं पाठवलेला. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. रांगेत मी पहिली होते. मागं गोदामातल्या साऱ्या बायका, त्यांच्या मागं हमाल.

मी म्हणाले, "भाऊ, भरलेली ओटी हाय ही. आज वजनकाट्याची पूजा झाली न. भरलेली ओटी झटकत न्हाईत."

"झटक म्हनलं न. वरून कॅमेरा पाहून राहिला."

मी पदर सोडला. तांदूळ सांडले. नारळ घरंगळत नालीत गेला. सुपारी, खारीक, आणि हळकुंडं. गार्डनं बुटाच्या टोकानं हळकुंडं बाजूला केली. "ह्यो तर माल हाय," म्हणाला आणि मोबाइल काढून फोटो घेतला. फोटोत मी, माझा मोकळा पदर आणि पायाशी पडलेली हळद.

ज्या बाईनं दुपारी स्वतःच्या हातानं ती हळकुंडं माझ्या पदरात घातली होती, ती तिथंच गाडीत बसली होती. शेठची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणतो. रांगेमुळं तिची गाडी फाटकात अडकली होती. मी काचेपाशी गेले.

"वहिनी, सांगा की यांना. तुमीच भरली न ओटी."

काच बोटभर खाली आली. "दाखवून दे ना अगं. नियम आहे तो. नियम सगळ्यांना सारखाच असतो."

काच वर गेली. गार्डनं सलाम ठोकला, फाटक उघडलं. गाडीच्या मागच्या सीटवर एक टोपली होती. खण, नारळ आणि आमच्याच ढिगातली हळकुंडं. नात्यातल्या बायकांच्या ओट्या भरायला निघाली असेल. त्या टोपलीकडं कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मग सुपरवायझर साहेब आला. "मावशी, उचला ते आणि ढिगावर टाका." मी वाकले. एकेक हळकुंड वेचलं आणि आत जाऊन ढिगावर टाकलं. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी मारलं नव्हतं. साहेब म्हणाला आणि मी केलं. मागं वळून बघते तर रांग मोडलेली. बायका गुपचूप आत येत होत्या आणि आपापली ओटी आपल्याच हातानं ढिगावर सोडत होत्या. माझ्यासारखं आपलं होऊ नये म्हणून. एकमेकींच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं.

आमचं गोदाम वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या रस्त्याला. हळदीचं. आम्ही बायका ढिगाभोवती बसून हळद निवडतो. लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, माती-मुळ्या वेगळ्या. धूळ नाकातोंडात जाते, शिंकलं तरी पिवळं येतं. हाताचा रंग तर लग्नातल्या नवरीला लाजवील असा. या कामाची मला कधी लाज वाटली नाही.

पावसाळ्यात मोजणीला पोती कमी भरली. किती गेली ते शेठला ठाऊक. साहेबानं सगळ्यांना उभं करून सांगितलं की आता सुरक्षा वाढणार. खिडक्यांना जाळ्या आल्या, भिंतीवर काचा बसल्या, अंगणात दिवे लागले. खरं सांगते, मला बरं वाटलं. संध्याकाळी संडासाकडं जायला भीती वाटायची, ती गेली. मग कॅमेरे आले. मग गार्ड. आणि मग झडती. बायकांनी पदर झटकायचा, हमालांनी बनियन वर करायचं. मुनीम, साहेब, ट्रकवाले, गाड्या, यांना काही नाही.

भरलेलं पोतं उचलायला दोन हमाल लागतात. ते पोतं माझ्या ओटीत कसं मावलं असतं? हा साधा सवाल त्या सभेत कुणीच विचारला नाही. मीही नाही.

घरी गेले तर लेक देवासमोर पाट मांडून बसलेली. भरली ओटी आधी देवापुढं सोडायची, मग नारळ फोडायचा, हे तिला पाठ आहे. "आई, ओटी?" मी म्हणाले, "सांडली." ती माझ्या रिकाम्या पदराकडं बघत राहिली.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हाय. दुसरं काम कुठं हाय इथं?" तो वाईट माणूस नाही. त्याला घाबरायची सवय आहे, आणि त्याची सवय मलाही लागली होती.

गार्डनं काढलेला फोटो कामगारांच्या मोबाइल ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, माल नेताना पकडली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो आमच्या गावात पोचला. गिरणीवर दळण घेऊन गेले तर शेजारच्या बाईनं आपला डबा माझ्या डब्यापासून लांब सरकवला. डबा सरकवताना जो आवाज झाला तो माझ्या कानातून गेला नाही. जेवताना यायचा, भांडी घासताना यायचा. निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडत बसायचे. हाताला स्वस्थता नव्हती.

माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. बाप मेंढरं घेऊन डोंगरकड्याच्या शिवारात उतरायचा. मेंढरांचा वाडा बसला की कुत्री कडेला बसायची, तोंड बाहेर. लांडगा बाहेरून येतो, हे कुत्र्याला सांगावं लागत नाही. आमच्या फाटकावरच्या गार्डची खुर्ची मात्र आत तोंड करून ठेवलेली. कॅमेराही आमच्याच डोक्यावर. म्हणजे यांच्या लेखी लांडगा कोण, ते खुर्ची मांडतानाच ठरलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि अंगाची आग झाली. आणि पहिल्यांदा त्या आगीत माझी स्वतःची लाज नव्हती.

दसऱ्यानंतर आज गोदाम उघडलं. दिवसभर निवडलं. संध्याकाळी रांग लागली आणि मी मुद्दाम पुढं उभी राहिले. मागं शेठची गाडी येऊन थांबली. आत शेठ, शेजारी वहिनी.

"झटक," गार्ड म्हणाला.

"न्हाई झटकनार."

"काहून?"

"आधी गाडीची डिकी उघड. मग मी पदर झटकते. अन् माझी झडती बाईमाणूस घेईल, आडोशाला."

गार्डनं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग साहेबाकडं. साहेब धावत आला. हॉर्न वाजला. मी जागची हलले नाही. शेठ खाली उतरले.

"काय तमाशा लावला?"

"तमाशा न्हाई, शेठ. वहिनीच म्हनल्या, नियम सगळ्याला सारखा. मी त्याच नियमानं चालून राहिले. अन् माझा फोटो जिथं टाकला तिथंच लिवा, ओटीची हळद व्हती म्हनून."

वहिनी खाली मान घालून मोबाइल बघत होती. काच यावेळी बोटभरही उतरली नाही. साहेब म्हणाला, "उद्यापासून येऊ नका कामाला." मागं कुजबुज झाली. काही बायका माझ्या बाजूनं पुढं सरकल्या, पदर झटकला आणि खाली बघत निघून गेल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. गयाबाई म्हणून आमच्यात एक म्हातारी आहे, ती तेवढी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "माय, मी बी न्हाई झटकत," एवढंच म्हणाली. मग तिच्या मागं दोन हमाल.

शेठ गाडीत बसले. डिकी उघडली नाही. गाडी मागं फिरली, गोदामाला वळसा घातला आणि मागच्या फाटकानं निघून गेली. ट्रक भरतात ते फाटक. तिथं कॅमेरा नाही, गार्ड नाही, साधं कुलूपसुद्धा दिवसा नसतं. रांगेतल्या साऱ्यांनी ते पाहिलं. गार्डनंही पाहिलं. तो माझ्याकडं बघेना.

मी पदर न झटकता फाटकातून बाहेर आले. कुणी अडवलं नाही.

घरी आल्यापासून नवरा विचारतोय, आता काय? दुसरं काम मिळेल का, ठाऊक नाही. गिरणीवरची बाई डबा परत जवळ आणेल का, तेही ठाऊक नाही. ते तांदूळ काही परत ओटीत येणार नाहीत.

उद्या मी जाणार. येऊ नका म्हणाले तरी जाणार. गयाबाई येते म्हणाली आहे. निवडायला बसू दिलं तर बसेन, नाही बसू दिलं तर बाहेर बसेन. आणि संध्याकाळी मी पुढच्या फाटकावर नसेन. मागच्या फाटकात मधोमध उभी राहीन, तोंड गोदामाकडं करून. शेठला म्हणेन, तुमची डिकी उघडा, मी माझा पदर उघडते. नाहीतर ही गाडी माझ्या अंगावरून न्यावी लागेल.