फ्रेमच्या मापाचा नकाशा

इंद्रायणीकाकू मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीपायी गावोगाव फिरल्या आणि त्याच्या निवृत्तीनंतर चंदीगडलाच राहिल्या. मराठी मंडळातल्या बदलीवाल्यांचा त्यांना तिटकारा. "तीन वर्षं राहायचं, गावाला नावं ठेवायची आणि निघायचं," म्हणायच्या. तरी दर वटपौर्णिमेला याच लोकांच्या बायकांना मनीमाजरा गावाच्या कडेच्या वडाकडे त्याच घेऊन जायच्या.

यंदा तो वड रस्तारुंदीत जाणार असं कळलं. रस्तेखात्याचे साहेब म्हणाले, झाड शहराच्या आधीचं आहे असा पुरावा आणा, मग बघू. काकू लायब्ररीत जाऊन बसल्या. सेक्टर पडण्यापूर्वीच्या गावांचे नकाशे त्यांनी एकेक उलगडले आणि एका नकाशाच्या कोपऱ्यात त्यांना तो वड सापडला, विहिरीशेजारी, हाताने काढलेला. फोटो काढायला बंदी होती, म्हणून शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज केला आणि आनंदाच्या भरात मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं.

नक्कल घ्यायला गेल्या तर नकाशात वडाच्या जागी चौकोनी भोक.

"ब्लेड से काट के ले गया कोई, मैडम जी," तिथला माणूस म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

त्याच रविवारी मंडळातल्या अंबरीशचा निरोपसमारंभ होता. त्याची बदली नागपूरला झाली होती. बदली झाली की 'चंदीगडची आठवण' द्यायची ही मंडळाची जुनी रीत. अध्यक्ष अविनाशने सोनेरी फ्रेम दिली, टाळ्या पडल्या. फ्रेममध्ये नकाशाचा तो कापलेला तुकडा होता.

काकूंनी भर समारंभात ती अंबरीशच्या हातातून काढून घेतली. विहीर होती. वड नव्हता.

"झाड कुठाय?"

"काकू, फ्रेमच्या मापात बसेना, म्हणून कड छाटली," अविनाश म्हणाला. "तुम्हीच तर लिहिलं होतंत नकाशे आहेत म्हणून. धूळ खात पडले होते हो. कोण बघतं?"

"मी बघत होते." काकूंना शिसारी आली. "कड कुठाय?"

"फेकली."

फ्रेम घेऊन काकू साहेबांकडे गेल्या. साहेबांनी विहीर पाहिली आणि झाड कुठाय म्हणून विचारलं.

वटपौर्णिमेला मंडळाने पूजा हॉलमध्येच ठेवली. अविनाशच्या बायकोने प्लास्टिकच्या बादलीत वडाची भली मोठी फांदी आणली होती. ताजी होती, चीक अजून गळत होता.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "रस्त्याच्या कामावर आयतीच मिळाली."

बायका बादलीभोवती दोरा गुंडाळू लागल्या. काकूंनी आपला दोरा पिशवीत परत टाकला, चपला घातल्या आणि जाताना दाराशी थुंकल्या. मंडळाच्या बायका त्यावर अजून बोलतात. वडाबद्दल कुणी बोलत नाही.