रक्त द्यायला आम्ही दोघीच होतो

मित्रांनो, दुपारपासून कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या आईला हंटिंग्टन नावाचा आजार आहे. हातपाय, मान आपोआप हलत राहतात, चालताना तोल जातो. बाजारात लोक म्हणतात, बाई पिऊन आली. आजोबांनाही, म्हणजे आईच्या वडिलांनाही, हेच होतं. हा आजार आईबापाकडून लेकरांत येतो.

आज सकाळी यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम पुण्याहून कळमनुरीला आमच्या घरी आल्या. त्यांना सगळ्या नातेवाइकांचं रक्त हवं होतं. मी सतरंजी अंथरली, चहा ठेवला. कुणीच आलं नाही. मामाला फोन केला, तर म्हणाला, "पोरीचं लग्न जमून राहिलंय माय. आमचं नाव त्यात घेऊ नको."

शेवटी आईनं आणि मीच रक्त दिलं. तिचा हात हलू नये म्हणून मी तो मांडीवर धरून बसले.

मॅडमनी मला बाजूला नेलं. "तुमच्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासून जाणून घ्यायचंय का? घाई नाही."

मी म्हटलं, "संशोधनाला रक्त वापरा. माझं मला आत्ता सांगू नका."

त्या गेल्यावर आईनं अडखळत विचारलं, "तुला काहून बाजूला नेलं व्हतं?"

"फोन नंबर घ्यायला," मी म्हटलं.

ती हलत्या हातानं माझं डोकं चाचपडत राहिली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा आजार आहे का? तुम्ही स्वतःचं जाणून घेतलंत का? सल्ला नको. फक्त तुम्हीही आहात, एवढं लिहा.