यंत्राची बेरीज

फणसवाडीतल्या आमच्या गॅलरीत दर रविवारी बुद्धिबळ मांडलं जायचं. डाव उचलला जायचा, पण किस्सा मागे राहायचाच. कडेवर मूल घेऊन मी ते साठवलेत. एखादा तिखट लागला तर माझा स्वभाव समजा!

*

ह्यांनी ऑफिसातल्या मासिकात वाचलं, परदेशात बुद्धिबळ खेळणारं यंत्र निघालंय. सोंगट्यांची किंमत मोजून डाव कुणाचा ते सांगतं. झालं, आमच्याकडेही यंत्र सुरू! वजीर नऊ, हत्ती पाच, उंट-घोडा तीन-तीन, प्यादं एक. मी मॅट्रिक, म्हणून यंत्र मी!

"तू फक्त बेरीज करायची. विचार करायचा नाही."

"सवय आहे," मी म्हटलं.

*

शेजारच्या नानांचा नियम होता, संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत बरोबरी मान्य नाही! "द्वैभाषिक राज्याची तडजोड गळ्यात मारली, तेवढी पुरे!"

एकदा पटावर दोन नुसते राजे उरले. पाऊण तास फिरत होते. माझा भात करपला.

*

एकदा पांढऱ्याकडे उंट आणि कडेचं प्यादं, काळ्याचा नुसता राजा कोपऱ्यात. मी सांगितलं, "चार विरुद्ध शून्य. पांढरा जिंकला!"

समोरच्या खोलीतल्या विमलताई शाळेत शिकवतात. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बरोबरी. प्यादं चाललंय काळ्या कोपऱ्यात, उंट पांढऱ्या घरांवरचा. राजाला तिथून हुसकणार कोण?"

तसंच झालं. "काय नजर आहे!" हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मला बघायला आले होते, तेव्हाही असं बघितलं नव्हतं!

*

मग आठवडाभर बाळाला पाजताना मी तोच कोपरा मांडून बसायचे. एका दुपारी बाळाने उंट तोंडात घातला. मी किंचाळले, पाठ थोपटली, उंट बाहेर! हे धावत आले.

"कुठला होता? पांढरा की काळा?"

*

शेवटी हे विरुद्ध विमलताई. सगळी गॅलरी जमलेली. ह्यांच्याकडे हत्ती, पांढऱ्या घरांवरचा उंट आणि कडेचं प्यादं. विमलताईंकडे एकच हत्ती, आणि त्यांचा राजा काळ्या कोपऱ्याजवळ.

"हत्तीला हत्ती मारतो. यंत्र, बेरीज?"

"शून्य," मी म्हटलं.

"अगं, उंट तीन, प्यादं एक! चार!" ह्यांनी हत्ती मारला. विमलताईंनी राजाने ह्यांचा हत्ती उचलला आणि कोपरा गाठला. तासाभराने नानांनीसुद्धा बरोबरी मान्य केली.

"वहिनींनी आधीच सांगितलं होतं," विमलताई म्हणाल्या.

"हो, पण तिची बेरीज चुकली होती!"